मदत हवी आहे: गाणी सिंक केली की काही फोल्डर दुप्पट होतात

मेघना_क (शुक्रवार, रात्री १०:१२)
तातडीने मदत हवी आहे. घरचा गाण्यांचा संग्रह तीन कॉम्प्युटरवर आहे आणि तिथून बाबांच्या छोट्या प्लेअरवर जातो. भाच्याने सिंकची, म्हणजे सगळीकडे सारखीच गाणी ठेवणारी, स्क्रिप्ट लिहून दिली होती. गेले दोन महिने ती चालवली की काही फोल्डर दुप्पट होतात. नाव तेच, आतली गाणी तीच. एक उडवला की पुढच्या वेळी परत हजर. बाबांचं ३२ जीबीचं कार्ड भरून गेलंय आणि एकेक गाणं दोनदा वाजतं. ते सोमवारी सकाळी गावी निघणार, तिथे नेट नाही. रविवारी रात्रीपर्यंत प्लेअर तयार हवा. दुसरं सॉफ्टवेअर घ्या असं कृपया सांगू नका, नव्याने सगळं लावायला वेळ नाही. हे नेमकं का होतं?

बिनतारी (१०:३१)
कुठली ऑपरेटिंग सिस्टिम? स्क्रिप्ट कशाची? प्लेअर कोणता? सगळेच फोल्डर दुप्पट होतात की ठराविकच? यातलं काहीच लिहिलं नाहीत, कुठून सुरुवात करायची?

कॅसेटवेडा (१०:४०)
एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर राहूच शकत नाहीत. एकाच्या नावाशेवटी स्पेस पडली असणार. नीट बघा.

मेघना_क (१०:५२)
स्पेस नाही. मागेपुढे कर्सर फिरवून पाहिलं. माझ्या विंडोज लॅपटॉपवर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात, फक्त तारीख वेगळी. घरच्या डेस्कटॉपवर उबुंटू आहे, स्क्रिप्ट आरसिंकची (फायली एका कॉम्प्युटरवरून दुसरीकडे कॉपी करणारा प्रोग्रॅम) आहे. सगळे नाही, ठराविकच फोल्डर होतात. फायली एमपी३.

रानपाखरू (११:०५)
एफडुप्स टाका उबुंटूवर, दुहेरी फायली शोधणारा प्रोग्रॅम आहे. नाव बघतच नाही, आतला मजकूर ताडून बघतं, त्यामुळे चुकत नाही. माझ्याकडे १८ जीबी जागा मोकळी झाली होती. दहा मिनिटांचं काम आहे.

बिनतारी (११:११)
थांबा, काहीही उडवू नका. तीन ठिकाणांहून सिंक चालू असताना एका ठिकाणी उडवलेलं दुसरीकडून परत येणारच, हे त्या स्वतःच सांगताहेत. आणि स्क्रिप्टमध्ये डिलीटचा पर्याय चालू असेल तर उलटं होईल, एकीकडे चुकून गेलेलं सगळीकडून जाईल. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. आधी एका बाहेरच्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं उतरवून ठेवा.

रानपाखरू (११:१५)
मी पाच वर्षं वापरतोय, एक फाईल गेलेली नाही. उगाच घाबरवू नका त्यांना.

बिनतारी (११:१९)
तुमच्याकडे एकच कॉम्प्युटर असेल. तीन असते तर असं म्हणाला नसता.

अण्णा_ठाणे (११:३०)
एक विचारतो, राग मानू नका. आता सगळं ॲपवर मिळतं. भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी, सगळे. मग एवढा खटाटोप कशासाठी? बाबांना फोनवर गाणी उतरवून द्या, नेट नसलं तरी वाजतील.

मेघना_क (११:४४)
अण्णा, यातलं बरंचसं कुठल्याच ॲपवर नाही. १९८० नंतरच्या दहाएक वर्षांत बाबांनी घरच्या टेपवर भरलेल्या कॅसेट आहेत. ओळखीच्यांच्या घरच्या मैफली, आजोबांचं पारायण, आणि आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या. आजी १९९१ ला गेली. तिचा आवाज त्या दोन कॅसेटवरच आहे. ताईने वर्षभर बसून सगळं मॅकवर उतरवलं. बाबा रोज संध्याकाळी प्लेअर खिशात टाकून अंगणात बसतात, आणि सध्या एक ओवी संपली की तीच परत लागते. एक कडवं संपतं, जात्याची घरघर थांबते आणि मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांना वाटतं प्लेअर बिघडला.

बिनतारी (११:४७)
मॅक! हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवं होतं. किती जुना?

मेघना_क (११:५०)
ताई खालच्या मजल्यावर राहते, तिचा आहे. २०१२ चा. सिस्टिम कधी अपडेट केलेली नाही. त्याचा काय संबंध? बाकी फोल्डर त्याच मॅकवरून व्यवस्थित येतात.

स्वरगंध (शनिवार, सकाळी ७:२०)
प्लेअरचं काय सांगावं, पण हेडफोन कुठले वापरतात बाबा? वयस्कर माणसांना कानात घालायचे टोचतात. कानावर बसणारे, गादीवाले घ्या. ओव्यांसारख्या जुन्या रेकॉर्डिंगला त्यात आवाज जास्त स्वच्छ लागतो.

कॅसेटवेडा (७:४८)
मूळ कॅसेट अजून आहेत का? एमपी३ वर थांबू नका. ६० मिनिटांची कॅसेट ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर वेव्हमध्ये सुमारे ६०० एमबी होते, फ्लॅक (आवाज न बिघडवता फाईल लहान करणारा प्रकार) केली की साधारण निम्मी. आणि उतरवायच्या आधी डेकचं हेड कापसाने पुसून, अझिमथचा, म्हणजे हेडचा कोन ठरवणारा, स्क्रू त्या कॅसेटला जुळवून घ्या. दुसऱ्या टेपवर भरलेली कॅसेट तशीच वाजवली तर वरचे सूर दबलेले येतात. मी वडिलांच्या ४० कॅसेट एकदा चुकीच्या उतरवल्या आणि सगळ्या पुन्हा केल्या.

रानपाखरू (८:०२)
हे चांगलं आहे, पण त्यांना उद्या रात्री प्लेअर द्यायचाय. माझ्या मते कार्डच्या फॅट३२ चा (कार्डवर फायली मांडायची पद्धत) घोळ आहे. साधे प्लेअर अक्षरक्रमाने वाजवत नाहीत, ज्या क्रमाने कार्डवर फायली लिहिल्या त्या क्रमाने वाजवतात. कार्ड फॉरमॅट करून पुन्हा भरा.

बिनतारी (८:०९)
क्रमाचं बरोबर आहे, पण दुप्पट फोल्डर डेस्कटॉपवरच आहेत, कार्डवर पोचायच्या आधी. मेघनाताई, जे दुप्पट होतात आणि जे होत नाहीत, त्यांची नावं जशीच्या तशी इथे टाका.

मेघना_क (९:१५)
दुप्पट होतात: दळणाऱ्या बायका, कोऱ्या कॅसेट, कऱ्हाड मैफल १९८७, शेजाऱ्यांची भजने.
होत नाहीत: नाट्यपदे, पारायण, अभंग, भीमसेन जोशी, माणिक वर्मा, इतर.
दर वेळी तीच २१४ गाणी पुन्हा कॉपी होतात, हेही आत्ता लक्षात आलं.

अण्णा_ठाणे (९:३३)
जाता जाता, नाट्यपदांच्या टॅगमध्ये कलाकार म्हणून काय लिहिता? पद लिहिणारा वेगळा, चाल देणारा वेगळा, गाणारा वेगळा. मी गायकाचं नाव घालतो, नाटकाचं नाव अल्बममध्ये.

खिळाजुळारी (९:५०)
मी डीटीपीचं काम करते, गाण्यांतलं काही कळत नाही. पण वरची यादी बघा. दुप्पट होणाऱ्या प्रत्येक नावात ऱ्य किंवा ऱ्ह आहे. न होणाऱ्या एकाही नावात नाही.
आमच्याकडे मॅकवरून येणाऱ्या फायलींना हा त्रास नेहमीचा. युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर दोन तऱ्हांनी साठवता येतं. एक म्हणजे अख्खं ऱ. दुसरं म्हणजे साधा र आणि त्याच्यापुढे सुटा नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका. डोळ्यांना दोन्ही सारखेच. जुन्या मॅकची डिस्क फाईलच्या नावातलं ऱ फोडून र आणि नुक्ता असं ठेवते. उबुंटू आणि विंडोज काहीच बदलत नाहीत, आलं तसं ठेवतात. म्हणून त्यांच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं आहेत.

बिनतारी (१०:०४)
अगदी बरोबर! मॅकवरच्या आरसिंकचा हा प्रकार मला फक्त युरोपियन भाषांतल्या डोक्यावरच्या खुणांपुरता माहीत होता, मराठीत ऱ ला होईल हे डोक्यातच आलं नाही. खात्री करून घ्या. उबुंटूवर नावांची यादी हेक्सडम्पमधून (अक्षरांमागचे कोड दाखवणारी कमांड) काढा. एका फोल्डरच्या नावात ई० ए४ बी१ (अख्खं ऱ) दिसेल, दुसऱ्यात ई० ए४ बी० (र) आणि लगेच ई० ए४ बीसी (नुक्ता).

मेघना_क (११:२०)
दिसलं! तसंच आहे. दोन महिने मी भाच्याला बोल लावत होते. आता पुढे काय करू?

बिनतारी (११:३८)
क्रमाने करा.
आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी. मग उबुंटूवर कॉन्व्हएमव्ही (फायलींच्या नावांचं एन्कोडिंग बदलणारं टूल) टाका. त्याला एनएफसीचा पर्याय दिला की ते फोडलेले ऱ जोडतं. नुसतं चालवलं तर काही बदलत नाही, फक्त काय बदलेल ते दाखवतं, म्हणजे मॅककडून आलेले फोल्डर कुठले ते कळेल. ते बाजूला काढा, पण उडवू नका. ताईने नव्याने उतरवलेलं काही फक्त त्यातच असू शकेल. ताडून एकत्र करा आणि लॅपटॉपवरही तेच करा.
मग स्क्रिप्ट. ती मॅकवरून चालत असेल तर आरसिंकला आयकॉन्व्ह हा नावं बदलून पाठवायचा पर्याय द्या, आधी यूटीएफ-८-मॅक, स्वल्पविराम, मग यूटीएफ-८. पहिलं नाव जिथून चालवता त्या मशीनचं, दुसरं समोरच्याचं. म्हणजे मॅक नावं जोडूनच पाठवेल.

मेघना_क (दुपारी ४:०५)
मॅक म्हणतो असा पर्यायच नाही!

बिनतारी (४:११)
एवढ्या जुन्या मॅकसोबत येतो तो आरसिंक २.६.९, २००६ चा. आयकॉन्व्ह ३.० पासून आलं. ताईच्या मॅकवर मॅकपोर्ट्सने (मॅकवर असे प्रोग्रॅम टाकायचं साधन) नवा टाका, आणि स्क्रिप्टमध्ये त्याचा पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर जुनाच चालत राहील.

मेघना_क (रविवार, सकाळी ११:३०)
बिनतारी म्हणाले तेच निघालं. "दळणाऱ्या बायका" एकात ३१ ओव्या, दुसऱ्यात ३४. ताईने दिवाळीत उतरवलेल्या ३ ओव्या फक्त मॅककडून आलेल्या फोल्डरमध्ये होत्या. तो उडवला असता तर निदान डेस्कटॉपवरून त्या गेल्याच असत्या.
तीन फोल्डर आता एकेकच आहेत. पण कऱ्हाड अजून दोन! कॉन्व्हएमव्ही त्याला हात लावत नाही.

रानपाखरू (११:४१)
नाव वेगळं होतं म्हणून आतल्या फायलीही वेगळ्या असू शकतात, हे माझ्या लक्षात आलं नाही. एफडुप्सनंतर उरलेला फोल्डर रिकामा समजून उडवू नका, एवढं माझ्याकडूनही.

खिळाजुळारी (१२:१०)
कऱ्हाड कुणी कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं? ऱ्ह लिहायची तिसरी रीत आहे. साधा र, हलन्त, आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. काही कीबोर्ड तेच घालतात. हे स्पेलिंगच वेगळं आहे, त्यामुळे कुठलंही टूल ते आपोआप जुळवणार नाही. एका फोल्डरचं नाव हाताने पुसून पूर्ण नव्याने टाइप करा.

मेघना_क (रात्री ८:५५)
तेच होतं. एक नाव मी लॅपटॉपवर टाइप केलेलं, दुसरं ताईने फोनवरून पाठवलेलं. दोन्ही एकत्र केले.
स्क्रिप्ट तीनदा चालवली, तिन्ही वेळा कॉपी झालेल्या फायली शून्य. रानपाखरू, तुम्ही सांगितलं तसं कार्ड फॉरमॅट करून क्रमाने भरलं, त्यामुळे पारायणाचे अध्यायही ओळीने लागताहेत. ११ जीबी जागा उरली आहे. कॅसेटवेडा, कॅसेट ठेवल्या आहेत. मे महिन्यात ताई आणि मी फ्लॅकमध्ये पुन्हा उतरवणार, तेव्हा अझिमथचं विचारायला येईन.
बाबांनी आत्ताच प्लेअर लावून बघितला. पहिली ओवी संपली आणि दुसरी लागली. खिळाजुळारी, बिनतारी, तुम्हा दोघांना त्यांनी नमस्कार सांगितला आहे.