मोठ्याला विल्सन (अंगात तांबं साठण्याचा आजार) निघाला, धाकटीची जीन टेस्ट करावी का?

तासगावची_आई
मुलगा चौदा वर्षांचा. वर्षभरात दोनदा कावीळ झाली. दोन्ही वेळा जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं, तेलकट बंद केलं आणि "मुलांना होतेच" म्हणून घरी पाठवलं. मला शंका आली ती वहीवरून. अक्षर मोत्यासारखं होतं त्याचं. दिवाळीनंतर शिरोरेघ तिरकी पळायला लागली आणि पानाच्या शेवटी अक्षरं मुंगीएवढी व्हायची. बाई म्हणाल्या, आळस करतो. मीही दोन धपाटे घातले. ते अजून डोक्यातून जात नाही.

शेवटी पुण्याला दाखवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पमधून मलाही बघायला लावलं. बुबुळाच्या काठाला तपकिरी-हिरवट कडं, जुन्या समईला चढतं तसं. सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन, ६. जीन टेस्टमध्ये एटीपी७बी या जीनच्या (आईकडून एक, वडिलांकडून एक अशा) दोन्ही प्रतींत एकच बदल. तांबं बाहेर काढणारं औषध, पेनिसिलामाइन, सुरू आहे. बाटली उघडली की गंधकाचा वास येतो, नाक धरून घेतो बिचारा.

आता प्रश्न मुलीचा. नऊ वर्षांची आहे, खो-खो खेळते, एक दिवस शाळा चुकत नाही. लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल, पण सेरुलोप्लाझ्मिन १७ आलं. डॉक्टर म्हणतात जीन टेस्ट करा. सासूबाई (म्हणजे माझी सख्खी आत्याच, मला मामाच्या मुलाला... चुकलं, आत्याच्या मुलाला दिलंय) म्हणतात, धडधाकट पोरीला सुया कशाला टोचायच्या, आणि उद्या स्थळ आलं की काय सांगायचं? आमचे हे दोघींच्या मध्ये गप्प. १७ म्हणजे आजार आहे की नाही? आणि मुलाच्या वेळेएवढाच खर्च परत येणार का?

जुना_मेंबर
तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करा, काजू-चॉकलेट बंद करा. टेस्टची गरज नाही. कंपन्यांचा धंदा आहे सगळा.

काउन्सेलर_मुंबई
दादा, भांडं बंद करायला हरकत नाही, पण तेवढ्यानं भागत नाही. तांबं रोजच्या डाळ-भाकरीतही असतं. आपलं लिव्हर जास्तीचं तांबं पित्तातून बाहेर टाकतं. विल्सनमध्ये तीच वाट बंद असते, मग ते आधी लिव्हरमध्ये साठतं, पुढे मेंदूत आणि डोळ्यांत.

ताई, मी जेनेटिक काउन्सेलिंगचंच काम करते. २० च्या खाली म्हणजे कमी खरं, पण १७ हा आकडा कुंपणावरचा आहे. नुसत्या वाहकाचंही (एकाच प्रतीत बदल, स्वतःला आजार नाही) तेवढं येऊ शकतं, आणि आजार असलेल्याचंही. म्हणून जीन टेस्ट. तुम्ही दोघं वाहक, त्यामुळे मुलीला आजार असण्याची शक्यता चारात एक, नुसती वाहक असण्याची चारात दोन, काहीच नसण्याची चारात एक. मोठ्याला झाला म्हणून धाकटी सुटली, असं होत नाही. तिच्यासाठी चिठ्ठ्या नव्यानं पडतात.

खर्चाचं: आख्खा जीन परत वाचायचा नाही. मुलाच्या रिपोर्टवर बदलाचा नेमका क्रमांक असतो, "सी" आणि टिंबानं सुरू होणारा. तेवढीच जागा तपासायची, त्याला पहिल्यापेक्षा पुष्कळच कमी पैसे लागतात. रिपोर्टची झेरॉक्स लॅबला द्या, नाहीतर ते पुन्हा सगळं करून बिल लावतील. तुमचं दोघांचं रक्तही त्याच वेळी द्या. जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिली, बस.

लहान मुलांची नुसती वाहक आहे का बघायला टेस्ट आम्ही सहसा करत नाही, मोठी होऊन ती ठरवील म्हणतो. इथं गोष्ट वेगळी, कारण आजार निघाला तर औषध आहे आणि ते त्रास सुरू व्हायच्या आधी दिलेलं उत्तम.

आणि सासूबाईंना एक सांगा. दोन्ही प्रतींत एकच बदल आणि तुमचं लग्न आत्याच्या घरात, म्हणजे तो बदल बहुधा तुमच्या आजी किंवा आजोबांकडून खाली आला. एकीकडे तुमच्या वडिलांमार्फत तुमच्यात, दुसरीकडे आत्यांमार्फत तुमच्या मिस्टरांत. म्हणजे आत्या स्वतः वाहक असणार. त्यांचं कुठं काय अडलं?

जस्तवाली
मी त्या जागी होते, तुमच्या मुलीच्या. दादाला निघाला तेव्हा मी अकरा वर्षांची. मला काही म्हणजे काही होत नव्हतं, म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. टेस्टमध्ये आजार निघाला. तेव्हापासून झिंकच्या गोळ्या, ते आतड्यातच तांबं अडवतं. आज एकतीस वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते, लिव्हर ठणठणीत. दादाचा हात मात्र अजून थरथरतो, चहाचा कप अर्धाच भरून देतो आम्ही त्याला.

स्थळाचं म्हणाल तर मी पहिल्याच भेटीत सांगितलं. एक स्थळ परत आलं नाही. दुसऱ्यानं स्वतःची टेस्ट करून घेतली, तो वाहक नव्हता, त्याच्याशीच लग्न केलं. आमचा मुलगा वाहक असणारच, आजारी नाही.

गोळी सुटली की संपलं, एवढं मुलीला आत्तापासून सांगा. आजार निघालाच तर.

तासगावची_आई
सगळ्यांचे आभार. रविवारी तिची चोवीस तासांची लघवी जमा केली, त्यातलं तांबं मोजायला तीही सांगितली होती. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन न्हाणीघरात, त्यावर तिनं स्केचपेननं स्वतःचं नाव लिहिलं. सकाळची पहिली सोडून द्यायची हे विसरलो, म्हणून सोमवारी शाळा बुडवून परत पहिल्यापासून. खो-खोची मॅच होती, त्यामुळे दिवसभर फुगून बसली होती.

मंगळवारी तिघांचं रक्त दिलं. झेरॉक्स नेली होती, काउंटरवरची मुलगी आधी आख्ख्या टेस्टचंच बिल करत होती.

आत्याला तुमचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं. काही बोलली नाही. संध्याकाळी बघते तर पाण्याचा तांब्याचा हंडा माळ्यावर चढवलेला आणि ओट्यावर स्टीलची कळशी. रात्री जेवताना विचारते, "माझं पण रक्त घेतात का गं?"

रिपोर्टला तीन आठवडे म्हणालेत.