लिनक्स कर्नेल: पहिला पॅच पाठवला, २२ दिवस झाले, कुणी बोलेना. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नोकरीत सी भाषेतच काम असतं, लिनक्स रोजचं. यंदा म्हटलं, नुसतं वापरून पुरे, कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) थोडा हातभारही लावू.

सुरुवातच गमतीशीर. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम. डिस्ट्रोचं (उबुंटूसारख्या तयार लिनक्सचं) कॉन्फिग जसंच्या तसं उचलून बिल्ड लावलं, तर रात्रभर पंखा घरघरत होता. मग 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' सापडलं. त्या घडीला जी मॉड्यूल्स (ड्रायव्हरसारखे कर्नेलचे सुटे भाग) लोड आहेत तेवढीच ते ठेवतं. बिल्ड झटक्यात उरकलं, पण वायफायचा यूएसबी डोंगल तेव्हा खणात पडलेला, त्यामुळे नव्या कर्नेलमध्ये वायफायच गायब! (नवख्यांनो, आधी सगळी उपकरणं जोडा, मग ही कमांड चालवा.)

पॅच (कोडमधला बदल) अगदी किरकोळ आहे. ड्रायव्हर्स/स्टेजिंगमधल्या (अजून कच्च्या ड्रायव्हरांच्या कप्प्यातल्या) एका फाइलवर चेकपॅच (कोडची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं आणि दोन इशारे दुरुस्त केले. पहिल्यांदा ब्राउझरमधूनच कर्नेलच्या मेलिंग यादीवर मेल केला. टॅबच्या स्पेस झाल्या आणि पॅच लागेना, हे एका भल्या माणसाने दोन ओळींत कळवलं. मग गिट सेंड-ईमेल (पॅच जसाच्या तसा मेल करणारी कमांड) शिकलो, गेट-मेंटेनर स्क्रिप्टने दिलेले मेंटेनरांचे (त्या भागाचा कोड सांभाळणाऱ्यांचे) वगैरे सगळे पत्ते घातले आणि व्ही२ (दुसरी आवृत्ती) पाठवला. तेव्हापासून ना होकार, ना नकार.

पुन्हा पाठवला तर आगाऊपणा दिसेल का? पाठवायचाच तर व्ही३ म्हणून का? आणि टॅब-स्पेसच्या पुढचं काम नवख्याला मिळतं कुठे? 'सोर्स वाचा' एवढंच कृपया सांगू नका, वाचतोच आहे, पण कुठून धरायचं तेच कळत नाही.

प्रतिसाद:

पॅच कोणत्या तारखेला पाठवलात ते बघा. कर्नेलची नवी आवृत्ती निघाली की पुढचे दोन आठवडे मर्ज विंडो असते, म्हणजे पुढच्या आवृत्तीसाठीचं काम मुख्य कर्नेलमध्ये घेतलं जातं. मेंटेनर तेव्हा साठलेलं काम लिनसकडे (कर्नेलचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स) पोचवण्यात गढलेले असतात, नव्या पॅचकडे बघायला कुणाला सवड नसते. आरसी१ (मर्ज विंडो संपताना येणारी पहिली चाचणी आवृत्ती) आल्यावर खुशाल पाठवा, कुणी रागावत नाही. पॅच तोच असेल तर व्ही३ नाही, विषयात 'रीसेंड' लिहायचं. काही बदललंत तरच आकडा वाढवा, आणि काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहा. तिथलं कमिटच्या इतिहासात जात नाही.

चेकपॅचची सफाई स्टेजिंगपुरतीच बरी. इतरत्र नुसत्या मांडणीचे पॅच पाठवलेत तर बहुतेक मेंटेनर वैतागतात. त्यामुळे दुसऱ्यांचे पॅच अडतात आणि जुन्या आवृत्त्यांत दुरुस्त्या नेणं अवघड होतं. त्यापेक्षा तुमचा तो खणातला डोंगल काढा! त्याच्या ड्रायव्हरवर येणारे पॅच बिल्ड करून स्वतः चालवा, नीट चालले तर उत्तरात 'टेस्टेड-बाय' (मी चालवून पाहिलं, अशी आपल्या नावाची ओळ) द्या. हार्डवेअर हाताशी असलेला माणूस मेंटेनरला हवाच असतो. शिवाय दहा पॅच असे चालवलेत की अकरावा कुठे लिहायचा ते आपोआप दिसायला लागतं.

धागाकर्ता:

तारीख बघितली. मर्ज विंडोचा तिसरा दिवस! आरसी१ येऊनही आठवडा उलटलाय, आज रात्रीच रीसेंड करतो. डोंगलही जोडलाय. एकच शंका: टेस्टेड-बायची ओळ उत्तरात मूळ मजकुराच्या वर लिहायची की खाली?

प्रतिसाद:

खाली. वर लिहिलेलं उत्तर तिथे कुणालाच आवडत नाही. आणि मेल साध्या मजकुरातच हवा, एचटीएमएल असेल तर मेलिंग यादी तो घेतच नाही.