अफगाण विद्यार्थ्याचा व्हिसा संपतोय: निर्वासित नोंदणी मुंबईतून होते का?

कलिनाकर
मुंबईत शिकणाऱ्या एका अफगाण मुलाचा स्टुडंट व्हिसा दोन महिन्यांत संपतोय. परत जाणं जिवावरचं आहे. युएनएचसीआरची (संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था) नोंदणी इथे होते का? त्यांचं निर्वासित कार्ड आलं की व्हिसा नसला तरी चालतं का? आणि कॅनडाला पुनर्वसनाचा अर्ज कुठे करायचा? एक एजंट 'फाइल लावून देतो' म्हणून दीड लाख मागतोय.

नऊबावनची_लोकल
एजंटला आधी नारळ द्या. नोंदणीपासून पुनर्वसनापर्यंत युएनएचसीआर एक पैसाही घेत नाही.

मुंबईत त्यांचं कार्यालय नाही, दिल्ली गाठावी लागते. आधी माहिती पाठवून तारीख घ्यायची. त्या दिवशी फोटो, बोटांचे ठसे, बुबुळं आणि प्राथमिक चौकशी. मग प्रकरण विचाराधीन असल्याचा कागद मिळतो. निर्वासित दर्जा ठरवणारी मुलाखत नंतर, दुभाष्यासह. त्यात बराच काळ जातो. नकार आला तर अपिलाला साधारण ३० दिवस.

अफगाण अर्जांत घोळ होतो तो जन्मतारखेचा. तिथल्या तझकिऱ्यावर (ओळखपत्रावर) पुष्कळदा तारीख नसतेच. '१३८० साली वय २ वर्षं' एवढंच असतं. म्हणजे अफगाण सौर कालगणनेनुसार जन्म १३७८ चा. ते वर्ष २१ मार्च १९९९ ला सुरू झालं, म्हणून इसवी सन १९९९ किंवा २०००. पासपोर्टवर कुणीतरी १ जानेवारी ठोकून दिलेली असते आणि कॉलेजच्या कागदावर तिसरंच काहीतरी. फरक असेल तर मुलाखतीत आपण होऊन सांगावा. विचारल्यावर सावरासावर केली की बाकीच्या खऱ्या गोष्टीवरही शंका येते. एजंटने पाठ करून घेतलेली कहाणी तर हमखास उघडी पडते.

फोर्टातला_काळा_कोट
कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हे त्या मुलाला नीट समजवा. भारताने १९५१ चा निर्वासित करार आणि १९६७ चा प्रोटोकॉल, दोन्हींवर सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. परकीय नागरिकांचा जो कायदा सगळ्यांना (आता २०२५ चा, १ सप्टेंबरपासून लागू) तोच यालाही. म्हणून व्हिसा जिवंत असतानाच एफआरआरओच्या (परकीयांची नोंदणी करणारं केंद्राचं कार्यालय) ई-एफआरआरओ पोर्टलवर मुदतवाढ टाका. झेवियर्स कॉलेजमागच्या त्यांच्या कार्यालयात बोलावलं तरच जायचं.

गृह मंत्रालयाच्या २०११ च्या कार्यपद्धतीत दीर्घकालीन व्हिसाची वाट आहे: छळाची भीती सकृद्दर्शनी पटली तर एफआरआरओ प्रकरण दिल्लीला पाठवतं, आणि व्हिसा एकेक वर्ष करत पाचपर्यंत वाढतो. त्यावर खाजगी नोकरी करता येते. पण देणं न देणं सरकारच्या मर्जीवर.

माहीमची_खाडी
पण राज्यघटनेचं कलम २१ (जीविताचा हक्क) परकीयांनाही लागू आहे ना? चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय.

फोर्टातला_काळा_कोट
लागू आहे. पण ८ एप्रिल २०२१ चा रोहिंग्यांचा आदेश वाचा. हद्दपार न होण्याचा हक्क भारतात राहण्याच्या हक्काशी जोडलेला, आणि तो फक्त नागरिकांना, असं कोर्ट म्हणालं. रीतसर प्रक्रियेशिवाय पाठवू नका, एवढंच संरक्षण उरलं. कोर्टाच्या भरवशावर व्हिसा संपू देऊ नये.

नऊबावनची_लोकल
कॅनडाबद्दल: युएनएचसीआरच्या वाटेने आपण अर्ज करायचाच नसतो. कुणाचं नाव सुचवायचं ते युएनएचसीआर ठरवतं (छळ सोसलेले, एकट्या बायका, गंभीर आजारी वगैरे) आणि अंतिम होकार त्या देशाचा. जगभरात वर्षाला एक टक्क्याहून कमी निर्वासितांना ही संधी मिळते. अमेरिकेने जानेवारी २०२५ पासून प्रवेश थांबवल्यावर रांग आणखी लांबली. कॅनडात पाच जणांनी मिळून प्रायोजक होण्याची सोय होती, तिचे नवे अर्ज नोव्हेंबर २०२४ पासून घेणं थांबवलंय. त्यालाही निर्वासित दर्जाचा कागद लागायचाच.

आणि होकार आला तरी शेवटची गाठ इथेच. व्हिसा संपलेला असेल तर एफआरआरओची एक्झिट परमिट (देश सोडण्याची परवानगी) लागते, दंडही बसू शकतो. ती नसेल तर सहार विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीवरून माघारी.

कलिनाकर
धन्यवाद. मुदतवाढीसाठी राहत्या पत्त्याचा पुरावा लागेल, पण घरमालक परकीय भाडेकरूची ऑनलाइन नोंद (पूर्वीचा सी फॉर्म) करायला काचकूच करतोय.

फोर्टातला_काळा_कोट
भाडेकरू परकीय असेल तर २४ तासांत ऑनलाइन कळवणं मालकावर बंधनकारक आहे, न कळवल्यास कारवाई त्याच्यावरही होते. हे शांतपणे सांगा, बहुतेक मालक तेवढ्यावर तयार होतात. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार आणि कॉलेजचं बोनाफाइड आजच काढून ठेवा. मुदतवाढ अडते ती या कागदांवरून.