मॉड्यूल बदलण्याआधी पंपाचा करंट मोजलाच पाहिजे: चर्चा

आर्णीकर शेतकरी

मागच्या मे महिन्यात आमची सात वर्षांची पेट्रोल गाडी यवतमाळहून परत येताना भर उन्हात दोनदा बंद पडली. अर्धा तास कडुनिंबाच्या सावलीत उभी केली की ती पुन्हा सुरू व्हायची. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी ०२३० हा कोड, म्हणजे टाकीतले पेट्रोल इंजिनकडे पाठवणाऱ्या फ्यूएल पंपाच्या विद्युत जोडणीतील दोष, दिसला आणि मिस्त्रींनी फ्यूएल पंप कंट्रोल मॉड्यूल बदलून दिले. बाविसाव्या दिवशी नवे मॉड्यूलही जळाले. तेव्हा एका निवृत्त वीजतंत्र्याने पंप पूर्ण वेगाने चालवून करंट मोजला. पाच-सहा अँपिअर अपेक्षित असताना तो अकरा अँपिअर निघाला. पंप बाहेर काढला तर त्याची जाळी बारीक मातीने गच्च भरलेली होती. दोष पंपात होता आणि आम्ही मॉड्यूलला दोनदा शिक्षा दिली.

हे मॉड्यूल काय करते, हे आधी सांगतो, कारण बरेच जण त्याला मोठा रिले समजतात. रिले पंप फक्त चालू किंवा बंद करतो. मॉड्यूल मात्र इंजिनच्या संगणकाकडून येणारा इशारा वाचून पंपाचा वीजपुरवठा सेकंदाला असंख्य वेळा तोडते-जोडते आणि गरजेप्रमाणे पंप हळू किंवा जोरात फिरवते. पंपाचा सगळा करंट त्याच्यातून जातो, म्हणून पंप जड फिरू लागला की मॉड्यूल तापते, आणि बाहेर पारा ४५ अंशांवर असताना ती उष्णता जायला जागाच उरत नाही.

माझे म्हणणे दोन वाक्यांत असे: पंपाचा करंट आणि लोड असताना, म्हणजे पंप चालू असताना, मॉड्यूलपाशी मिळणारा व्होल्टेज मोजल्याशिवाय कोणीही मॉड्यूल बदलू नये. आणि मॉड्यूल काढून पंपाला बॅटरीची वायर ‘डायरेक्ट’ जोडून देण्याची आपल्या भागातील पद्धत पूर्णपणे बंद व्हावी.

दिग्रसचा मिस्त्री

दादा, तुमच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत आहे, दुसऱ्याशी मुळीच नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत रात्री अकरा वाजता गाडी येते, आत बाळंतपणाला निघालेली बाई असते आणि सेल्फ मारल्यावर टाकीतून पंपाचा आवाज येत नाही. चावी फिरवल्यावर दोनेक सेकंद मागच्या सीटखाली जी घुरघुर ऐकू यायला हवी, तीच नसते. अशा वेळी मी फ्यूज पाहतो, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) पाहतो आणि पंपाला थेट वायर देऊन पाहतो. पंप चालला तर रिले आणि पंधरा अँपिअरचा फ्यूज टाकून गाडी रवाना करतो. मॉड्यूल नागपूरहून मागवावे लागते, त्यासाठी आगाऊ पैसे भरावे लागतात, आणि काही गाड्यांत ते बसवल्यावर कंपनीच्या स्कॅनरने गाडीशी जुळवून घ्यावे लागते. तो स्कॅनर माझ्याकडे नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने न दिल्याबद्दलच होता. त्या आदेशानंतर माझ्या गॅरेजात काय बदलले, हे मला अजून दिसलेले नाही. ‘डायरेक्ट बंद करा’ हे त्या कंपन्यांच्या बाजूला उभे राहून सांगण्यासारखे आहे.

आर्णीकर शेतकरी

मिस्त्री भाऊ, तुमची अडचण खरी आहे आणि त्या बाईला दवाखान्यात पोहोचवलेच पाहिजे. माझा आक्षेप त्यानंतरच्या सहा महिन्यांना आहे. रात्री जोडलेली वायर तशीच राहते, मालक विसरतो आणि गाडी पुढे विकलीही जाते.

इंजिन फिरायचे थांबले की संगणक पंप बंद करतो, त्यामुळे अपघातात नळी फुटली तरी पेट्रोल वाहत राहत नाही. तुमच्या रिलेची कॉइल, म्हणजे रिले चालू करणारी गुंडाळी, चावीवर असेल, तर गाडी उलटल्यावरही चावी चालूच असते आणि पंप फुटक्या नळीतून पेट्रोल फेकत राहतो. फ्यूज इथे काही उपयोगाचा नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. शिवाय काही गाड्यांत टाकीत वेगळा प्रेशर रेग्युलेटर नसतो आणि दाब पंपाच्या वेगानेच राखला जातो. तिथे पंप कायम पूर्ण वेगाने चालला तर दाब हवा त्याहून वाढतो.

वर्ध्याचा आयटीआय शिक्षक

दोघांचेही वाचले. विद्यार्थ्यांना मी जे शिकवतो ते इथे मांडतो, कारण ‘मोजा’ म्हणणे सोपे असले तरी काय आणि कशाने मोजायचे, तिथेच बहुतेक जण अडतात.

वायरमनकडचा नेहमीचा टाँग टेस्टर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) फक्त एसी मोजतो, गाडीला डीसी मोजणारा लागतो. साध्या मल्टिमीटरचे दहा अँपिअरचे सॉकेट वापरले, तर अकरा अँपिअर खाणारा पंप त्याचाच फ्यूज उडवू शकतो. व्होल्टेज मोजताना पंप चालू असला पाहिजे. मॉड्यूलची अर्थ पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांमध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर आधी अर्थ घासून घट्ट करावा. मॉड्यूल काढलेलेच असताना सॉकेटवर बारा व्होल्ट दिसले म्हणून पुरवठा चांगला आहे असे समजणे ही आमच्याकडे सर्वांत जास्त होणारी चूक आहे, कारण एका तारेवर टिकून असलेली वायरही लोड नसताना बारा व्होल्ट दाखवते. गाडी गोठ्याजवळ उभी राहत असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायर आधी शोधा.

मॉड्यूल कुठे आणि कसे बसवले आहे, हेही पाहावे. अमेरिकेत फोर्डच्या २००४ ते २००८ च्या एफ-१५० गाड्यांत हे मॉड्यूल मागच्या जादा चाकाच्या वर, लोखंडी चासीला चिकटून असे. त्याची ॲल्युमिनियमची पाठ गंजून फुटायची. नंतरच्या मॉड्यूलला चासीपासून अंतर राखणारे पाय दिले गेले. आपल्याकडे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल खाली थापून बसतो, म्हणून नवे मॉड्यूल लावताना पाठ आणि सॉकेट धुऊन, कोरडे करून घ्यावे.

पुसदचा गाडीवाला

मी वापरलेले मॉड्यूल लावून दोन वर्षे गाडी चालवली आहे. पार्ट नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, एवढीच अट आहे. नवे परवडत नसेल तर हा मार्ग डायरेक्टपेक्षा चांगला आहे.

आयटीआय शिक्षक

ज्या गाडीत ते जुळवून घ्यावे लागत नाही, तिथे ठीक आहे. दुसऱ्या गाडीत ते का काढले गेले, हे मात्र विकणारा सांगत नाही.

दारव्ह्याचा शेतकरी

पंप जड का होतो, यावर कोणी बोलले नाही. टाकीतले पेट्रोलच पंपाला थंड ठेवते, आणि आम्ही वर्षभर रिझर्व्हवर गाडी चालवतो. आज दोनशे रुपयांत दोन लिटरही पेट्रोल येत नाही. ‘पाव टाकी कायम ठेवा’ हा सल्ला मला मान्य आहे, पण सोयाबीनचे पैसे हातात यायच्या आधीच्या दोन महिन्यांत तो पाळता येत नाही. मालकाला दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आर्णीकर शेतकरी

दादा, आमचीही गाडी तशीच चालत होती, म्हणूनच सांगतो. जाळी भरणे आणि पंप तापणे या दोन्ही गोष्टी त्या सवयीतून आल्या आणि तिसरा खर्च मॉड्यूलचा आला. वाचवलेले पेट्रोल आम्हाला फार महाग पडले.

दिग्रसचा मिस्त्री

डीसीचा टाँग टेस्टर मी या आठवड्यात घेतो. मोजल्याशिवाय मॉड्यूल विकणार नाही, हे माझ्याकडून पक्के समजा. डायरेक्ट मात्र मी सोडणार नाही. त्यासाठी चालकाच्या हाताशी एक वेगळा स्विच देईन, वायर लाल आणि दिसेल अशी ठेवीन, बिलावर ‘तात्पुरते’ असे लिहीन आणि मॉड्यूल आले की मजुरी न घेता वायर काढून देईन.

आर्णीकर शेतकरी

मजुरी सोडण्याची तुमची तयारी मोठी आहे, भाऊ, आणि ती मी मनापासून मानतो. पण गाडी उलटली असताना बेशुद्ध चालक तो स्विच बंद करणार नाही. मॉड्यूल येईपर्यंत गाडी गॅरेजातच राहील आणि तातडीच्या वेळी दुसरे वाहन बोलावले जाईल, असे काही आपल्या तालुक्यांत उभे करता येईल का, यावर मला तुमचे मत हवे आहे.

दिग्रसचा मिस्त्री

रात्री अकराला दुसरे वाहन मिळाले असते, तर ती बाई माझ्या गॅरेजात आलीच नसती.