मदत हवी आहे : वडिलांच्या तोंडाच्या दुर्गंधीचे मूळ कोठे शोधावे?

नमस्कार. आम्ही परभणीजवळच्या खेड्यात राहतो. वडील (वय 62) रोज दोन वेळा दात घासतात, तरीही तोंडाला इतका वास येतो की नातू मांडीवरून उठून जातो, आणि हे लक्षात आल्यापासून ते बोलताना उपरण्याचे टोक तोंडापुढे धरतात. तंबाखूचे व्यसन नाही, हे आधीच सांगतो. जिभेच्या मागे पांढरट थर आहे, हिरड्यांतून रक्त येते, आणि रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून तोंडाला कोरड पडते. लाळ कमी झाली की जिभेवरचे जंतू वाढून गंधकयुक्त वायू सोडतात, एवढे वाचून कळले. बडीशेपेने अर्धा तास निभावते. हिरड्यांची सफाई आधी करावी, गोळीविषयी डॉक्टरांशी बोलावे, की रक्तातील साखर तपासावी? छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात हिरड्यांचे उपचार घेतलेल्यांनी किती फेऱ्या लागल्या, तेही कृपया कळवावे.