प्रस्ताव लिहिता येत नाही म्हणून निधी येत नाही?

वडवणीकर: काल इथं एकानं लिहिलं, की मराठवाड्यातल्या संस्थांना निधी मिळत नाही कारण त्यांना प्रस्तावच लिहिता येत नाही, इंग्रजी लिहिणारा माणूस नेमा. फार लागलं ते. आम्ही ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृह चालवतो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, लेकरं आमच्याकडं. संस्थेच्या करमाफीची बारा-ए, देणगीदाराला करात सूट देणारी ऐंशी-जी, कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी म्हणजे सीएसआर घ्यायला लागणारी सीएसआर-१, सगळ्या नोंदण्या आहेत. तरी कंपनी म्हणते, आम्ही कारखान्याच्या आसपासच खर्च करतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये स्थानिक भागाला प्राधान्य आहे म्हणे. मग ते सामाजिक कामावर खर्चायचे नफ्यातले २ टक्के आमच्या वडवणीपर्यंत, बीड जिल्ह्यात, यायचे कधी?

शेंद्रावाला: मी सीएसआरचंच काम बघतो. प्राधान्य म्हणजे सक्ती नव्हे. पण प्रस्ताव कसे येतात? चार पानं दुष्काळ, आणि अंदाजपत्रकात एकच ओळ, 'भोजन खर्च'. किती लेकरं, किती महिने, काय दरानं? संचालकांपुढं मी काय ठेवू?

वडवणीकर: आमच्यात होतं सगळं. ५० लेकरं, ५ महिने. काट बसली स्वयंपाकीणबाईंच्या मानधनाला. धान्य देऊ, पगार देणार नाही! शिजवायचं कुणी?

जिंतूरकर: कंपन्यांचं सोडा. गावात सप्ताहाची वर्गणी दोन दिवसांत जमते. लेकरांसाठी मागितलं की सगळ्यांचे हात आखडतात.

अंबाजोगाईकर: सप्ताहाला मध्ये ओढू नका. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आमच्या गावातून टेम्पोभर भाकरी गेल्या. त्या सप्ताहाच्याच बायांनी थापल्या होत्या, माझी आई त्यात होती. पंगतीत ऊसतोड्याचं लेकरूही जेवतं.

जिंतूरकर: सात दिवस जेवतं. पुढचे पाच महिने?

अंबाजोगाईकर: मग त्या मंडळींकडं जाऊन मागा! इथं बसून नावं ठेवू नका.

वडवणीकर: मी गेलो होतो. दोन क्विंटल ज्वारी दिली त्यांनी, नाही कसं म्हणू? पण आडत्याला करात सूट हवी असते. धान्यावर ऐंशी-जी मिळत नाही, रोख २००० च्या वर चालत नाही, आणि चेक द्यायला तो तयार नाही.

शेंद्रावाला: मानधनाचं तुमचं खरंय. आमच्याकडंही पगाराच्या ओळीवरच आधी पेन फिरतं. पण बाईंना 'प्रशासकीय खर्चा'त टाकलंय का? भोजनाच्या खर्चात धरा. तो प्रत्यक्ष कामाचाच खर्च आहे.

वडवणीकर: प्रशासकीय खर्चातच टाकलं होतं. बरं, एवढी चूक आमची. ओळ बदलून पाठवतो. पण इंग्रजी लिहिणारा नेमणार नाही. तेवढे पैसे आले तर आधी दुसरी स्वयंपाकीण ठेवीन. गेल्या हंगामात बाई आजारी पडल्या, तेव्हा आठवडाभर ५० लेकरांच्या भाकरी मी आणि बायकोनं थापल्या.