वरई, वरी, भगर, सावा... एकच की वेगवेगळं? (आणि श्रीअन्न नक्की कोण?)

खादाडखाऊ:
उपासाचं सामान आणायला गेलो तर एका पाकिटावर भगर, दुसऱ्यावर वरीचे तांदूळ, तिसऱ्यावर मोरैयो, तिन्ही दिसायला सेम आणि वर श्रीअन्न असंही छापलेलं. आई म्हणते सगळी वरीच, विदर्भातली वहिनी म्हणते आम्ही जन्मभर भगरच म्हणतो. शब्द वेगळे आहेत की धान्यच वेगळं? आणि भरडधान्य, तृणधान्य, श्रीअन्न यातलं बरोबर काय?

गोदाकाठ:
आमच्या नाशकाकडे शेतात असते ती वरई आणि गिरणीतून टरफल निघून पांढरी होऊन आली की भगर. साळ आणि तांदूळ म्हणतो ना, तसंच. गिरण्या शहरात, पण पीक डोंगरउतारावरचं, पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा, अकोले, लावणारे बहुतेक कोकणा, वारली, महादेव कोळी आदिवासी. तिकडे "नागली-वरई" असं जोडीनंच बोलतात. नागली म्हणजे तुमची नाचणी.

पानफूल:
गोदाकाठ, बरोबर, पण घोळ त्यापुढचा आहे. सह्याद्रीतली वरई म्हणजे हिंदीवाल्यांची कुटकी. हिंदीत ज्याला चेना म्हणतात तो वेगळाच, पण मराठी याद्यांमधे त्यालाही वरीच लिहितात. आणि उत्तरेतला समा म्हणजे आपला सावा, तो तिसरा, तरी सोलला की तोही भगर म्हणूनच विकला जातो. म्हणजे आई आणि वहिनी दोघीही बरोबर असू शकतात आणि पाकिटात तिसरंच काहीतरी असू शकतं 😀
राळा मात्र नक्की वेगळा, भोगीला राळ्याचा भात करतात तो. कोकणात हरीक म्हणतात ते म्हणजे कोदो किंवा कोद्रा.

खादाडखाऊ:
बाप रे. मग उपासाला हे चालतं ते कसं? धान्य चालत नाही ना उपासाला?

पानफूल:
तीच तर गंमत, स्वयंपाकघरात ते धान्य नाही म्हणून उपासाला चालतं आणि सरकार म्हणतं अन्नातलं श्री ते हेच!

जुनाट_कारकून:
सरकारी शब्दांबद्दल मी सांगतो, आयुष्य त्यातच गेलं. तृणधान्य म्हटलं की गहू-तांदूळ पण आले, सगळी गवतंच ती. भरडधान्य हा खरेदी केंद्रावरचा शब्द, त्यात ज्वारी, बाजरी, रागी आणि मकासुद्धा. २०१८ साली केंद्राने भरड शब्द काढून पौष्टिक आणला, आपल्याकडे "पौष्टिक तृणधान्य" रुळलं, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेही याच नावाने, आणि त्याच वर्षीच्या बजेटमधे श्रीअन्न आलं. यात मका बसत नाही. त्यामुळे हे समानार्थी समजू नका, कुठलं नाव कुठल्या कागदावर आहे त्यावर पैसे ठरतात. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत ज्वारी, बाजरी, नाचणी आहेत, वरई, राळा, कोदो स्वतःच्या नावाने नाहीत. छत्तीसगडने २०२१ पासून कोदो-कुटकी नाव घेऊन खरेदी सुरू केली, ते मला श्री लावण्यापेक्षा जास्त पटतं.

भट्जी_ऑनलाईन:
नवीन नावाची गरजच काय होती? रुद्रानंतर चमक (यजुर्वेदातलं सूक्त) म्हणतो त्यात व्रीहि, यव, माष, तिल, मुद्ग, गोधूम, मसुर यांच्याच रांगेत प्रियंगु म्हणजे राळा, श्यामाक म्हणजे सावा, नीवार म्हणजे देवभात आहेत. कुणी भरड नाही की कुणी श्री नाही. नाचणी नाही त्यात, ती आफ्रिकेतून आलेली.

माळरान:
सोलापूरकडून बोलतो. आमच्याकडे ज्वारीला नुसती ज्वारी म्हणत नव्हते, मालदांडी, दगडी, हुरड्याला गुळभेंडी, प्रत्येकीची भाकरी वेगळी, कडबा वेगळा. मग १९६४ ला सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि "हायब्रीड" हेच ज्वारीचं नाव झालं, अजून म्हाताऱ्या म्हणतात हायब्रीडची भाकर नको. ७२ च्या दुष्काळात अमेरिकेतली लाल ज्वारी आली ती "मिलो", हा शब्द अजून तोंड वाकडं करूनच उच्चारतात. पण हायब्रीडने पोटं भरली हेही खरंय, उगाच गावरान गावरान करणाऱ्यांनी कडबा उपसून बघावा. आता मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे, मालदांडी म्हणून भाव मागता येतो, हा नावाचा खरा उपयोग.

गोदाकाठ:
+१. आणि अकोले तालुक्यातल्या, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे, २०२० च्या पद्मश्री, त्यांच्या बीजबँकेतही नुसतं "वाल" किंवा "भात" असं बी नसतं, प्रत्येक वाणाला नाव. आमच्या वरईचं मात्र पाकिटावर येईपर्यंत गावही जातं आणि वाणही जातं, उरते नुसती भगर.

खादाडखाऊ:
मग दुकानात काय विचारू?

पानफूल:
"वरईची भगर आहे का सावाची" असं विचार. दुकानदाराला माहीत नसेल तर मागे बारीक अक्षरात लॅटिन नाव कधी कधी असतं. पॅनिकम सुमात्रेन्स असेल तर सह्याद्रीची वरई, एकिनोक्लोआ असेल तर सावा. शिजवताना पाणी बघून घाल, दोघींचा हिशोब सारखा नाही.